डावा हात

तेवीस वर्षं मी जमिनीला भोकं पाडतोय.
पारोळा, अमळनेर, इकडे बेटावदपर्यंत.
मुरूम, काळा पाषाण, परत मुरूम,
पाचशे फुटांवरचा दगड मला आवाजावरून कळतो.
आणि खालच्या दाढेत ज्वारीएवढं भोक पडलं
तर तीन महिने लवंग दाबून बसलो.

सुपडू म्हणाला, "भाऊ, तू भ्यास का?"
म्हटलं, कामं आहेत.
कामं नव्हती. कॉम्प्रेसर उघडून ठेवलेला होता.

अमळनेरला, डॉक्टर भाविका बडगुजर यांच्या खुर्चीत
पाठ टेकली, आणि माझ्या हातांनी
दोन्ही दांडे असे धरले की त्या म्हणाल्या,
"खुर्ची कुठे जात नाही, हिलालभाऊ."
मग स्टूल ओढून समोर बसल्या,
भाव सांगावा तसं एकेक सांगू लागल्या.

"नुसती सुई घ्या: दाढ बधिर, तुम्ही जागे, भीतीही जागी.
गोळी आहे, तासभर आधी घ्यायची, डोळे जड होतात,
पण न्यायला माणूस लागेल,
दिवसभर मोटारसायकलला हात नाही लावायचा.
झोपच हवी तर शिरेतून औषध,
भुलीचे डॉक्टर जळगावहून येतात, यायचं उपाशीपोटी,
आणि एका दाढेसाठी एवढं, मला विचाराल तर, नको.
नाहीतर सुईच्या आधी हा. नाकावरचा वायू.
झोपवत नाही.
भीती थोडी लांब नेऊन ठेवतो."

मी विचारलं, प्रेशर किती?
त्या हसल्या. पण काटा दाखवला.

झोप मला नकोच होती.
गाडीवर डुलकी लागली की रॉड तुटतो,
मग खालून तो कुणाच्या बापाला निघत नाही.
आणि दुसरं एक, ते मी सांगितलं नाही:

बहादरपूरचा बाजार, मी सात वर्षांचा,
गोणपाटावर दातांचा ढीग मांडून बसलेला माणूस,
बापाने डोकं गुडघ्यांत धरलेलं,
मामाने पाय.
हात तेवढे मोकळे होते.
ते मी किती हलवले.
शेव-मुरमुरे घेणाऱ्यांना वाटलं असेल
पोरगं कुणाला तरी बोलावतंय.

"दुखलं तर डावा हात वर करा," बाई म्हणाल्या,
"मी थांबते."

हे मला कळतं. आमच्या धंद्यात
बोललेलं ऐकूच येत नाही. तळवा वर: थांब.
बोट फिरवलं: चालू दे. मूठ: रॉड चढव.
सुपडूशी दिवसभर असंच बोलतो मी,
घरी बायको म्हणते, तोंड उघडा जरा.

नाकावर रबराचा वास, किंचित गोड.
पायाच्या बोटांत मुंग्या, मग गुडघ्यांत ऊन,
पौषात बांधावर बसल्यावर येतं तसं.
सुई टोचली, ते मला ठाऊक आहे,
पण ती शेजारच्या शेतात टोचली.
मग मशीन.
बारीक, किनरं, माझ्याच मशीनचं तान्हं पोर.
पाणीसुद्धा उडत होतं.

मी डावा हात वर केला.

आवाज थांबला. लगेच.
"दुखलं?"
मी मान हलवली. नाही.
बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या,
विचारलं काही नाही.
मी बोट फिरवलं.

नंतर पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन,
छतावरचा पंखा परत पंख्याएवढा झाला.
अर्धा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी.
त्याच ओठाने विचारलं, "फाणी लागनं का, बाई?"
"लागलं," त्या म्हणाल्या, "एकवीस मिलिमीटरवर.
गुरुवारी परत या. तोवर त्या बाजूने चावू नका."

सुपडू मोटारसायकल घेऊन उभा होता.
"दुखनं का भाऊ?"
बोलायला गेलो तर लाळ गळली.
मागे बसलो, आणि शिरूड नाक्याच्या वळणावर
तोल सावरायला म्हणून
डावा हात त्याच्या डोळ्यांपुढून खांद्यावर ठेवला.

त्याने कचकन ब्रेक दाबला.